मनगटावरचा टाय

सलीम गेल्याचं कळलं, म्हणून आज मआमीरला, त्याच्या कामगारवस्तीत गेलो. वळणावर रिफायनरीच्या गंधकाचा तो जुना वास आला. शाळेत याच वासावरून आम्ही बँकवाल्यांची मुलं वेल्डरांच्या मुलांना चिडवायचो. तरी त्यांच्यातल्या सलीमने स्वतःचा टाय माझ्या मनगटावर बांधला होता. त्यांच्या टोळीची ती खूण. “खलास, ठरलं! आता तू आमचा भाऊ.”

एकदा टोळीची मारामारी झाल्यावर सरांनी आम्हा सगळ्यांना रांगेत उभं केलं. मी टाय हळूच सोडून खिशात कोंबला. सलीमने ते पाहिलं.

“सर, हा आमच्यातला नाय. याला जाऊ द्या.”

मी गेलो. त्याला शाळेतून काढलं. तेव्हा मला फक्त सुटल्यासारखं वाटलं होतं.

आज दारात त्याच्या धाकट्या भावाने विचारलं, “तुम्ही सलीमभाईचे कोण?”

“एका शाळेत होतो,” एवढंच मला सांगता आलं.