शिवलिंगप्पाची वही

दुधनीच्या अलीकडे आमच्या नदीवर एक पूल आहे. त्याच्या खांबावर पाणी मोजायची पट्टी रंगवली आहे आणि ती बावीस वर्षं शिवलिंगप्पा वाचत होता. सकाळी आठला एकदा, पाणी चढू लागलं की दर तासाला. आकडा वहीत लिहायचा आणि पाटबंधारे खात्याच्या साहेबांना फोन करायचा. माणूस तिरसट, पण आकड्याशी इमानी.

धनगराच्या बनाबाईला लिहितावाचता येत नाही. रोज दहाच्या सुमाराला ती मेंढरं घेऊन पुलाशी थांबायची.

"अप्पा, सोडू का खाली?"

अप्पा "सोड" म्हणाला, की मेंढरं नदीच्या वळणातल्या गवतात उतरायची. "थांब" म्हणाला, की ती मुकाट्याने माघारी फिरायची. का, ते तिने कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी पुलाखाली यंत्र बसलं. आता आकडा आपोआप जाणार, इशारा थेट सरपंचांच्या फोनवर येणार. साहेब अप्पाला पुलावरच म्हणाले, "उद्यापासून तुम्ही मोकळे." बावीस वर्षं पट्टी वाचणाऱ्या माणसाला साधं शाल-श्रीफळसुद्धा दिलं नाही, याची मला अजून चीड येते. अप्पा तरी रोज जायचा, वही भरायचा. त्याला विचारणारी एक बनाबाई तेवढी उरली होती.

यंदा भादव्यात वरच्या अंगाला तीन दिवस पाऊस पडला. त्या सकाळी आठला पाणी सव्वा मीटर, नऊला पावणेदोन, दहाला सव्वादोन. पाणी अडीच मीटरला गेलं की वळणामागचा ओढा फुगतो आणि गवताला चहूकडून वेढा पडतो. अप्पाने साहेबांना फोन लावला.

"यंत्र एक मीटर दाखवतंय. तुम्ही कशाला मध्ये पडता?"

अप्पाचं डोकं फिरलं. नेमकी तेव्हाच बनाबाई आली.

"अप्पा, सोडू का खाली?"

"मला कशाला इचारतीस? त्या मशीनला इचार की."

बनाबाई हसली. त्याचं तिरकं बोलणं तिच्या सवयीचं होतं. धोका असता तर अप्पा "थांब" म्हणालाच असता, एवढंच तिला ठाऊक. ती उतरली. अप्पा पाठ फिरवून बसला. अर्ध्या तासाने राग निवला तेव्हा ओरडत धावला, पण ओढा भरला होता. बनाबाई बाभळीला धरून वाचली. चौतीस मेंढरांतली दोन हाती लागली.

पंचनाम्याला साहेब आले. यंत्राच्या तोंडावर कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं निघालं. साहेबांनी अप्पाची वही मागून घेतली आणि चावडीत मोठ्याने वाचली, "आठला सव्वा. नऊला पावणेदोन. दहाला सव्वादोन, पाणी चढतंय." साहेब खूश झाले. "असा माणूस पाहिजे! अप्पा, पट्टी पुन्हा तुमच्याकडे."

दाराशी बसलेली बनाबाई अप्पाकडे बघत म्हणाली, "म्हंजी दहाला तुमाला ठावं व्हतं."

मला अप्पाचा संताप आला आणि कीवही आली.

पट्टी आता पुन्हा अप्पाच वाचतो. दहाला बनाबाई आपली दोन मेंढरं घेऊन पुलावरून जाते. थांबत नाही, विचारत नाही. अप्पा मात्र रोज उठून उभा राहतो.