बॉनेटवरचा हात

अमरसिंह मालकांचा व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला आणि शेवटी मोबाईल भिंतीवर आपटायचाच तेवढा बाकी राहिला. आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या बड्या घरातला हा माणूस, साठी गाठलेला. पांढऱ्या विलायती गाडीच्या बॉनेटवरचा पंजाचा ठसा दाखवून सांगत होता, "हा माझ्या आईचा हात. गाडी तयार झाली तेव्हा तिनं पूजा केली. रंग ओला होता, म्हणून सुवासिनीचा हात कायमचा उमटला."

खोटं. धडधडीत खोटं. तो हात माझ्या आत्याचा, शांताक्काचा आहे.

शांताक्का म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला आणि ती येरमाळ्याला आमच्याकडे आली. माझे अप्पा, महालिंगप्पा, हायवेच्या कडेला गाड्यांचे पत्रे ठोकायचे. दुसऱ्या कुणी तिला चुलीपुढं बसवलं असतं, अप्पांनी तिच्या हातात पॉलिश पेपर दिला. बाई मुळातच तिखट. एखादा ड्रायव्हर वाह्यात बोलला की ती हातातला पाना नुसता वर करून दाखवायची, तेवढ्यानं भागायचं. दुपारी भाकरी खाताना मात्र आईकडून शिकलेली लिंगायतांची कन्नड वचनं गुणगुणायची.

सत्त्याऐंशी साली अमरसिंहांचे वडील, थोरले मालक, ती स्पोर्ट्स कार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून घेऊन आले. दोनच सीटा, वर टप नाही. कधीकाळी हैदराबादेहून हौसेनं आणलेली आणि मग कडब्याच्या गंजीशेजारी सडत पडलेली. आत कोंबड्या अंडी घालायच्या. "दसऱ्याला रस्त्यावर पायजे," एवढं बोलून मालक गेले.

इंजिन आणि पत्रा अप्पांनी बघितला. बाकी सगळी शांताक्का. गोणी शिवायच्या दाभणानं तिनं सीटा शिवल्या. पुट्टी भरलेला पत्रा पाणी मारमारून घासला, इतका की बोटांची सालं निघाली आणि भाकरी थापताना आग व्हायची. मी तेव्हा शाळेत होते. रोज संध्याकाळी तिच्या बोटांना खोबरेल तेल लावायचं काम माझं होतं, म्हणून मला हे कुणी सांगायची गरज नाही.

खंडेनवमीला आमच्या गॅरेजात हत्यारांची पूजा असते. रंग नुकताच मारला होता. वरून सुकलेला दिसत होता, आतून कच्चा होता. अप्पा म्हणाले, "शांते, गाडी तू घडवलीस, पयला हात तूच लाव." तिनं तेलात कुंकू कालवलं आणि बॉनेटवर पंजा दाबला.

दुपारी मालक आले. मागं डोळ्याला गॉगल लावलेले अमरसिंह.

"हात कुणाचा ह्यो?"

"शांताचा," अप्पा कौतुकानं म्हणाले.

"रांडमुंड बाईचा हात माझ्या गाडीवर? पूस आधी!"

अप्पांना खरंच कळेना. चूक म्हणायची तर हीच. विधवेचा विटाळ आपल्या घरात नसला तरी दुसऱ्याच्या घरात असेल, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. "मालक, गळ्यात लिंग हाय तिच्या. आमच्यात बाईला कसला आलाय इटाळ?"

कुंकू पुसलं, पण ठसा रंगात रुतला होता. मालक म्हणाले, रंग खरवड. अप्पा म्हणाले, "न्हाय खरवडणार. पूजा झालीय." शांताक्का तिथंच उभी होती. तिनं तो हात पदराखाली घेतला. अमरसिंहांनी हे सगळं ऐकलं, बघितलं आणि मूग गिळून उभे राहिले. तेव्हा माहीत नव्हतं, असं त्यांनी मला तरी सांगू नये!

मालकांनी गाडी नेली ती पुन्हा कडब्याशेजारीच टाकली. त्यांच्या घरातलं कुणी तिच्यात बसेना. महालिंगप्पाकडं विधवेच्या हातानं गाडी बाटवतात, अशी बोंब झाली. गिऱ्हाईक तुटलं. गॅरेज बंद करून आम्ही ईट गावाला गेलो, तिथं लोकांचे नांगर दुरुस्त करता करताच अप्पा वारले. आणि शांताक्कानं त्यानंतर कुणाच्या लग्नात हळदीला, कुणाच्या बारशात पाळण्याला कधी हात लावला नाही. म्हणायची, "नगं बाई, माझा हात लोकांस्नी सोसत न्हाय." थोरले मालक गेल्यावर अमरसिंहांनी तीच गाडी बाहेर काढून चकचकीत केली, ठसा तेवढा तसाच ठेवला. त्या हाताचा आता त्यांना अभिमान! चोर तो चोर, वर शिरजोर.

मी तिला व्हिडिओ दाखवला. काठी हातात घेत ती म्हणाली, "चल. माझा हाय म्हणून सांगून येते."

धाराशिवात दसऱ्याच्या आधी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. गाडीभोवती गर्दी, बाजूला पूजेचं ताट आणि समई. अमरसिंहांची तीच कहाणी चालू. शांताक्का काठी टेकत पुढं गेली.

"मालक, ह्यो हात माझा हाय."

त्यांनी तिला ओळखलं. चेहऱ्यावरूनच कळलं. तरी हसून म्हणाले, "मावशी, लावून बघा बरं."

तिनं हात लावला. संधिवातानं बोटं वाकडी झालेली, सांधे सुजलेले. हात जुळला नाही. कुणीतरी फिस्सकन हसलं. "बघा, कुठं जुळतोय?" अमरसिंह लोकांकडं वळून म्हणाले. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी तोंड उघडणार तेवढ्यात शांताक्कानं मला मागं सारलं.

तिनं ताटातलं कुंकू घेतलं, समईतल्या तेलात बोटं बुडवून तळव्यावर कालवलं आणि त्या चकचकीत बॉनेटवर, जुन्या ठशाच्या शेजारी, दाबून पंजा उमटवला. वाकडा, लालभडक.

"आता सांगा मालक," ती म्हणाली, "ह्यो पण तुमच्या आईचा, का ह्योबी पुसायला लावताय?"