खळ्यावरचा दुसरा ढीग

विरारच्या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवते, आणि दरवर्षी एका धड्यापाशी माझं टाळकं सरकतं. ज्यानं उत्पन्नात जेवढी भर घातली, तेवढंच बाजार त्याच्या पदरात टाकतो, असं तो धडा सांगतो. पोरं मुकाट लिहून घेतात. जुने अर्थशास्त्री इतके साळसूद नव्हते. पुढच्या पेरणीचं आणि राबणाऱ्याच्या पोटाचं आधी बाजूला काढा, म्हणायचे. उरेल ते वरकड, आणि ते कुणी न्यायचं यात ज्याच्या हाती ससा तो पारधी. अभ्यासक्रमात आता त्यांचा एक परिच्छेद उरलाय, तोही परीक्षेला येत नाही.

मला हे पुस्तकाआधीच ठाऊक होतं. गासला, आमच्या गावी, खळ्यावर भात झोडून झालं की तीन ढीग पडायचे. पहिला बियाण्याचा. दुसरा चिंचोटीकडून कापणीला येणाऱ्या नवरा-बायकोचा, पावसाळाभर खायला. राहील तो आमचा. वडील होते तोवर हा क्रम कुणी मोडला नाही.

वडील गेले आणि कारभार धाकट्या भावाकडे आला. तो मुंबईत मोठ्या हुद्द्यावर आहे. गेल्या दिवाळीत झोडणी संपल्यावर त्यानं बियाणं काढलं आणि बाकीचं सगळं आमच्याच ढिगात ओतायला लावलं.

"ताई, मशीन आणलं असतं तर एका दिवसात काम झालं असतं. मशीनचं जेवढं भाडं, तेवढीच यांची व्हॅल्यू. रोजाचे पैसे देतो, भात नाही."

"आणि तुझी व्हॅल्यू काय रे? खुर्ची टाकून बसला होतास."

"जमीन आपली आहे."

"म्हणून तू पिकवलंस होय? वाटेत आडवा बसलायस, एवढंच."

तो हसला. त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला. ती बाई सूप धरून उभी होती, आणि नवरा रचलेला पेंढा पुन्हा रचत होता.

सातबाऱ्यावर माझंही नाव आहे. "निम्मा ढीग माझा," मी म्हणाले, "आणि तो यांचा." पदर खोचून मीच पोती भरायला लागले. चांगली जिरवली याची, असं वाटत होतं.

"खुशाल दे," भाऊ म्हणाला, त्या दोघांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "पण ते तुझं दान झालं, ताई. त्यांचा हक्क नव्हे."

पोती टेम्पोत चढली. इतक्या वर्षांत त्या बाईनं आपल्या ढिगाबद्दल कधी आभार मानले नव्हते. उलट मूठभर भात सुपात पाखडून "औंदा पोचट लय हाय" म्हणून वडिलांनाच सुनवायची, आणि ते ऐकून घ्यायचे. त्या दिवशी तिनं सूप खाली ठेवलं. भाताकडे पाहिलंही नाही. माझ्यासमोर आली आणि तिनं हात जोडले.

"उपकार झालं, बाय."