आगाऊ आभार

आमच्या यंत्रमागाच्या कारखान्यात लूम दुरुस्त करायला एक फिटर येतो. मी तिथला मेहता, विणलेले ताके ताब्यात घेणारा. लूमच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. फिटरचे ओठ मात्र दिवसभर हलत असतात. मला वाटायचं, तोंडात तंबाखू असेल.

एकदा भर दुपारी लाइट गेली. सगळे लूम एकदम थांबले आणि त्याचा आवाज तेवढा उरला. "प्रभू, तू मेहताजींना वाचवलंस, तुझी स्तुती असो." तेच वाक्य पुन्हा पुन्हा, लूमच्या ठेक्यात.

"मला कशातून वाचवलं रे?" मी हसत विचारलं.

त्यानं पाना पुसला. "ते अजून व्हायचंय. आभार आधी मानायचे."

"मी तर तुझ्या देवाचं कधी काही केलं नाही."

"कोणीच न्हाय केलेलं," तो म्हणाला. "म्हणून तर तिला कृपा म्हणतात."

तेव्हापासून घरी जाताना मी मानकोलीच्या रस्त्यावर स्कूटर हळू चालवतो. लाइट गेली की आधी त्याच्याकडे कान लावायचो. आभार माझ्याच नावाचे चालू असायचे.

गेल्या सोमवारी लाइट गेली, तेव्हा त्याच्या तोंडी एका विणकराचं नाव होतं. मी जवळ जाऊन विचारलं, "आणि माझं?"

"तुमचं परवाच झालं की," म्हणत तो पुन्हा लूमखाली वाकला.

परवाचा दिवस मी तीनदा आठवून पाहिला. डबा खाल्ला होता, ताके घेतले होते, नेहमीच्या रस्त्यानं घरी आलो होतो. शेजारून कंटेनर गेले होते, पण ते तर रोजच जातात.