कोण कोण रडलं?

आमच्या शाळेच्या स्टाफ ग्रुपवर रोज सकाळी माझा मेसेज पडायचा. त्याचे तीन भाग ठरलेले. आधी दिनविशेष, म्हणजे आज कुठला सण, कुठला उपवास. मग आरोग्य टीप. शेवटी स्टाफ वार्ता, म्हणजे कोण रजेवर आहे, कुणाचा वाढदिवस आहे, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं. हे काम मला कुणी सोपवलं नव्हतं. मुख्याध्यापिका बाई एकदा मीटिंगमध्ये "कुणीतरी करायला हवं" म्हणाल्या, तेव्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि माझी तेवढी वर राहिली.

आरोग्य टीप मी फार मनापासून लिहायची. मी विज्ञान शिकवते. ग्रुपवर रोज कुणीतरी कढीपत्त्याचं पाणी पिऊन डायबेटिस पळवून लावायचं, कुणी तळपायाला कांदा बांधायचं, आणि मला ते सहन व्हायचं नाही. म्हणून मी लिहायची, 'नवरात्रात शुगर असलेल्यांनी निर्जळी उपवास करू नये', 'ग्रहणात जेवल्याने काही होत नाही'. खाली तीस अंगठे यायचे आणि त्यातले पंचवीस जण ग्रहणात उपाशी राहायचे. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

खरं म्हणजे ग्रुपवर कुणी काही वाचत नाही. फोटो बघतात. एकट्या माणसाचा फोटो आला आणि शेजारी केक असला, तर वाढदिवसाच्या शुभेच्छा. केक नसला, तर भावपूर्ण श्रद्धांजली. यात सगळ्यात पुढे आमचे चित्रकलेचे सर. ते कधीच रिटायर झाले होते, पण ग्रुप सोडला नव्हता आणि त्यांना काढून टाकायची कुणाची छाती नव्हती. बारसं असो की बारावं, पहिला मेसेज सरांचा. आम्ही स्टाफरूममध्ये त्यावरून त्यांची खूप टर उडवायचो.

त्या वर्षी पाऊस पितृपक्षापर्यंत रेंगाळला. आमच्या शेजारी नवीन बिल्डिंगचं काम अर्धवट पडलं होतं, त्याच्या खड्ड्यात हिरवं पाणी साठलेलं. मी 'आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या करा' अशी टीप टाकली आणि त्याच आठवड्यात आमच्या ह्यांना ताप भरला. डेंग्यू निघाला. पाटबंधारे खात्यात नोकरी करणारा, सर्दीलासुद्धा कधी रजा न टाकलेला धट्टाकट्टा माणूस, चार दिवसांत उठून बसेनासा झाला. प्लेटलेट घसरल्या, फुप्फुसात पाणी झालं आणि ह्यांना आयसीयूत हलवून व्हेंटिलेटर लावला. डॉक्टर म्हणाले, "पुढचे दोन-तीन दिवस महत्त्वाचे." आम्हाला मूलबाळ नाही. घरात आम्ही दोघंच. हे गेले तर मी घरी जाऊन कुणाशी भांडू, असलं काहीतरी खुळं तेव्हा माझ्या डोक्यात आलं.

आयसीयूबाहेरच्या स्टीलच्या खुर्चीत मी राहायला लागले. ग्रुपवरून उपाय येत होते. पपईच्या पानांचा रस द्या. किवी द्या. बकरीचं दूध द्या, आमच्या मेव्हण्याला दिलं होतं. ज्या माणसाच्या तोंडात नळी आहे त्याला मी किवी कुठून भरवू? एकेकीला धरून झोडावंसं वाटायचं.

माझं रोजच्या मेसेजचं काम इंग्रजीच्या मॅडमनी घेतलं होतं. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी, आमची अगं-तुगंची मैत्री. त्या सकाळी तिने लिहिलं, 'दिनविशेष: अविधवा नवमी'. सवाष्ण गेलेल्या बायकांच्या श्राद्धाचा दिवस. वाचून मेलेल्या त्या अनोळखी बायकांचा मला हेवा वाटला. खाली स्टाफ वार्तेत तिने ह्यांची प्रकृती गंभीर असल्याचं आणि प्लेटलेट देणारे हवे असल्याचं लिहिलं होतं. लोकांनी मनावर घ्यावं म्हणून बिचारीने ह्यांचा फोटोही लावला. पुतण्याच्या लग्नातला, कोट घातलेला.

दोन मिनिटांत सरांचा मेसेज आला. 'भावपूर्ण श्रद्धांजली. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.' त्याखाली हात जोडलेले. मग धरण फुटावं तसे सगळे सुरू झाले. ओम शांती, ओम शांती. 'फार लवकर गेले.' 'हसतमुख व्यक्तिमत्त्व हरपले.' एकीने तर 'काकूंच्या आत्म्यास सद्गती लाभो' असं टाकलं, मागच्या महिन्यातला मेसेज तसाच पुढे ढकलला होता. मी धावत काचेपाशी गेले. आत ह्यांची छाती मशीनच्या तालावर वर-खाली होत होती. पडद्यावरची रेघ चालू होती. म्हणजे हे होते.

तेवढ्यात आक्का आल्या. माझ्या मोठ्या जाऊबाई. गावाकडे त्यांची झेंडूची शेती, दसऱ्याच्या तोंडावर त्यांना मरायला फुरसत नसते, तरी रोज डबा घेऊन यायच्या. मी त्यांना मेसेज मोठ्याने वाचून दाखवले. मला वाटलं, आता आक्का या सरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतील. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "किती जणांनी धाडलंय?"

"झाले असतील चाळीस."

"मंग राहू दे. कुणाला काय बोलू नको."

"आक्का, हे जिवंत आहेत!"

"म्हणून तर म्हणते. अगं, माणसाच्या डोक्याला कावळा शिवला म्हंजी आपल्यात काय करत्यात? मेल्याचा सांगावा धाडत्यात. सोयरे रडतरडत येत्यात. त्येंचं रडून झालं की सांगायचं, माणूस जित्ता हाय. खोटं मरण रडलं म्हंजी खरं टळतं. मामंजींचं असंच केलं व्हतं. लय वर्षं जगले मंग. तू मास्तरीण हायेस, तुला नाय पटायचं."

मला ती चाल माहीत होती. आठवीच्या वर्गात अंधश्रद्धेचं उदाहरण म्हणून मी ती दरवर्षी सांगायची आणि मुलं पोट धरून हसायची. मी तोंड उघडलं, आक्कांना काहीतरी सुनवावं म्हणून, आणि फोन वाजला. इंग्रजीची मॅडम हमसून रडत होती.

"अगं, माझ्यामुळे झालं हे सगळं. मी आत्ता खुलासा टाकते."

"नको," मी म्हणाले.

"काय?"

"खुलासा टाकू नकोस. मी सांगेपर्यंत कुणालाच काही सांगू नकोस. माझी शपथ आहे तुला."

तिला वाटलं असणार, हिचं डोकं फिरलं. फिरलंच होतं. आक्कांकडे न बघता मी खुर्चीत बसले. त्यांनी डब्यातली भाकरी काढून माझ्या हातात दिली.

थोड्या वेळाने शाळेतल्या शिपाईमामांचा फोन आला. "मॅडम, कुठल्या अमरधामला यायचं? पंचवटी का नाशिक?" स्मशानाचं नाव ऐकून मी फोन कानापासून लांब धरला. आक्कांनी फोन ओढून घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "भाऊबंद यायचेत आजून. कळवू तुमाला." फोन बंद करून त्या काचेकडे वळल्या आणि दोन्ही हातांनी लांबूनच दिराची दृष्ट काढली.

दुपारी मला राहवेना. मी मैत्रिणीला फोन लावला.

"शाळेत काय चाललंय?"

"परिपाठाला दोन मिनिटं उभे राहिलो. मुलंसुद्धा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं गं."

"कोण कोण रडलं?"

"अगं, काय विचारतेस हे?"

"सांग ना. कोण कोण रडलं?"

"गणिताच्या बाई रडल्या. लायब्ररीतली मुलगी रडली."

"आणि संस्कृतच्या बाई?" माझं नि त्यांचं वेळापत्रकावरून वाजलं होतं, कित्येक महिने आम्ही बोलत नव्हतो.

"त्यांचे डोळे भरून आले होते."

"भरून आले की रडल्या?"

"रडल्या. पदर लावला डोळ्यांना. आता ठेव फोन, मला भीती वाटते तुझी."

मी फोन ठेवला. मनात म्हटलं, संस्कृतच्या बाईसुद्धा रडल्या, म्हणजे चांगलंच झालं. एवढ्या जणांचं रडणं वाया जाणार नाही. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मी तर परक्यांच्या आसवांना धरून लोंबकळत होते, आणि मला त्याची तेव्हा लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. ज्याला वाटायची त्याने त्या खुर्चीत एक दुपार बसून बघावं.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, बीपी थोडं सावरतंय. दुसऱ्या दिवशी ह्यांनी डोळे उघडले. नळीमुळे बोलता येत नव्हतं. मी "अहो" म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे बघितलं. नीट, ओळखून बघितलं. बाहेर येऊन मी आक्कांच्या गळ्यात पडले. त्या म्हणाल्या, "बघ. सांगितलं नव्हतं मी?" मी विज्ञानाची बाई, औषधांना गुण आला हे मला कळत होतं. पण मी आक्कांचे पाय धरले.

मग मी मैत्रिणीला खुलासा टाकायला सांगितलं. ग्रुपवर आनंदीआनंद झाला. देव तारी त्याला कोण मारी, असं बारा जणांनी लिहिलं. मुख्याध्यापिका बाईंनी मात्र फोनवर माझी हजेरी घेतली. "अहो, शाळेत मुलं उभी केली आम्ही! काल दिवसभरात एक शब्द सांगता आला नाही?" चित्रकलेचे सर तर शहाळी घेऊन दवाखान्यातच आले. "मॅडम, मी फक्त फोटो बघितला हो. काय म्हणून माझ्या हातून लिहिलं गेलं, जळोत ही बोटं." मी म्हणाले, "सर, असं म्हणू नका. तुमच्यामुळे वाचले हे." त्यांना वाटलं मी टोमणा मारतेय. मी अगदी मनापासून बोलत होते.

सर्वपित्रीच्या दिवशी ह्यांना पुन्हा ताप चढला. छातीत इन्फेक्शन झालं होतं. डोळे मिटले ते उघडेनात. डॉक्टर आता माझ्याशी बोलताना खाली बघायला लागले. आक्का काचेला कपाळ टेकून उभ्या होत्या. मी त्यांच्या दंडाला धरलं आणि म्हणाले, "आक्का, मी पुन्हा कळवू का? या वेळी मी स्वतः कळवते. फोटो टाकते. सगळे रडतील. मी गावाकडेही फोन करते, सगळ्या भावकीला."

आक्कांनी माझ्याकडे बघितलं. त्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दुसऱ्यांदा नाय चालत ते, पोरी."

"का नाही चालत? कुणी सांगितलं?"

"नाय चालत," त्या म्हणाल्या, आणि मला जवळ घेऊन खाली बसल्या.

पहिल्या माळेच्या दिवशी सकाळी हे गेले. आत बोलावून दाखवलं, मग मला बाहेर जायला सांगितलं. आक्का गावाकडे फोन करायला जिन्यात गेल्या होत्या. माझ्या हातातल्या फोनवर त्या दिवसाच्या रंगाच्या साड्यांचे फोटो एकामागून एक येत होते. सगळ्या जणी शाळेच्या फाटकापाशी ओळीने हसत उभ्या. मी खाली एकच ओळ लिहिली, 'आज सकाळी माझे मिस्टर गेले.' फोटो लावला नाही.

फोटो यायचे थांबले. सगळ्यांनी वाचलं हे मला दिसत होतं. पण कुणी एक अक्षर लिहिलं नाही. कुणाची हिंमतच होत नसावी. मी त्या रिकाम्या जागेकडे बघत बसले. मग फोन वाजला. चित्रकलेचे सर होते.

"मॅडम, तो मेसेज... म्हणजे तुमचा फोन दुसऱ्या कुणाच्या हातात नाही ना?"

"नाही सर. माझ्याच हातात आहे."

"मग नक्की आहे का हो? मागच्यासारखं तर नाही ना? तसं असलं तर सांगा. मी कुणाला बोलणार नाही. तुम्ही म्हणाल तितके दिवस गप्प राहीन."

इतकी काकुळती मी त्यांच्या आवाजात कधी ऐकली नव्हती.

"नाही सर," मी म्हणाले. "या वेळी नक्की. हे गेले."

तोंडाने मी ते तेव्हा पहिल्यांदा बोलले. पलीकडे सर रडायला लागले, म्हातारी माणसं रडतात तसे, आवाज आवरत नव्हता त्यांना. मी फोन कानाला लावून काचेपाशी उभी राहिले. आत सिस्टर नळ्या काढत होती. आणि सरांचं रडणं ऐकता ऐकता मी ह्यांच्याकडे बघत होते, इतकं रडतोय हा माणूस, आता तरी हलतील म्हणून.