विमानाच्या शेपटाचं माप

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच कुणी हसलं की माझा धागा तुटतो, आणि मुळात मी बोलतेच कमी. सासरी येऊन सहा महिने झाले तरी शेजारच्या काकू आत्तींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, विचारायच्या, "सून बोलती न्हवं?" आत्ती सांगायच्या, "बोलती की! सणावाराला."

तर मी एकदा, सण नसताना, तोंड उघडलं. त्याचं काय झालं ते सांगते.

आमच्या घरी विमान आहे. खेळण्यातलं नव्हे हो! दोन माणसं बसतील असं, खरंखुरं. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणते, जन्मभर लेथवर उभे राहिले आणि निवृत्त झाल्यावर नकाशे मागवून घरीच विमान बांधायला लागले. कसबा बावड्यात आमच्या घरामागं म्हशींचा गोठा होता. म्हशी गेल्या, विमान आलं. आत्तींचं मत विचाराल, तर म्हैसच बरी. "ती दूध तरी देत हुती."

दोन्ही पंख तयार झाले आणि गोठा भरला. मग शेपूट कुठं ठेवायचं? आलं हॉलमधे, दिवाणावर. शेपूट म्हणजे शेपटाचं आडवं पान. आठ फूट लांब, मधे रुंद, दोन्ही टोकांना निमुळतं, नुसत्या पातळ लाकडी पट्ट्यांचं. वर अजून कापड चढायचं होतं. एखाद्या राक्षसानं मासा खाऊन काटा ठेवलाय असं दिसायचं.

आणि रविवारी माझ्या नणंदेला, स्नेहलला, बघायला जयसिंगपूरचे पाहुणे येणार होते!

"पावण्यांस्नी बसवू कुठं? ह्या काट्यावर?" आत्तींनी विचारलं.

"भितीला उभं करतो की," मामा म्हणाले.

"मागं उभं केलतं, मांजर चढलं. तीन पट्ट्या मोडल्या. दोन दीस जेवला न्हाईसा तुमी."

मामांचा चेहराच पडला. "स्टँड पायजे त्याला. बरोबर त्याच्या आकाराचं, खाली चाकं. ढकललं की आतल्या खोलीत. पर मला पंखातनं डोकं काढाय सवड कुठं हाय?"

आणि मी म्हणाले, "मी करते."

नवऱ्यानं टीव्हीचा आवाज बंद केला. आत्ती लसूण सोलायच्या थांबल्या. मला स्वतःलाही माझा आवाज जरा नवीनच वाटला.

पण का नाही करायचं? माहेरी इचलकरंजीत मी चार वर्षं ब्लाऊज शिवलेत. शिवणक्लासला पहिली आलेय. माप ते माप! बाईचं काय आणि विमानाचं काय?

टेप घेतली, खाकी कागद पसरला, खडूनं झकास आकार काढला. कुठं आधार, कुठं गादी, कुठं चाक, सगळं लिहिलं आणि कागद कोपऱ्यावरच्या दस्तगीरभाईंच्या वेल्डिंगच्या दुकानात दिला. गाद्या घरीच शिवल्या, माझ्या लग्नातल्या ब्लाऊजच्या उरलेल्या मरून मखमलीच्या. त्याच बैठकीत, कुणाला न सांगता, तो ब्लाऊजही थोडा उसवून घेतला. रविवारी घालायचा होता ना.

शुक्रवारी दस्तगीरभाईंचा फोन. "वैनी, ह्ये चार फुटी हुतंय बघा. शेपूट मोठं हाय न्हवं?"

आता इथं शहाण्या बाईनं काय केलं असतं? कागद परत बघितला असता. पण सहा महिन्यांत पहिल्यांदाच मला कुणीतरी काहीतरी विचारत होतं! मी म्हणाले, "कागदावर आहे तसंच करा. सूतभरही बदलू नका."

"व्हय व्हय. इमानातलं आमाला काय कळतंय!"

तरी बिचाऱ्यांनी मामांना फोन लावला. मामा पंखातूनच ओरडले, "सुनंनं सांगितलंय न्हवं? मग तसंच! क्लासला पयली आलीया ती!"

गप्प माणसाचं हे असं असतं बघा. एरवी बोलत नाही, त्यामुळं बोललं की लोकांना वाटतं, विचार करूनच बोललं असणार.

रविवारी सकाळी दहाला दस्तगीरभाई स्वतः स्टँड घेऊन आले. काय देखणं म्हणून सांगू! निळा रंग, चार चाकं, मरून गाद्या. एका बाजूनं नवऱ्यानं, दुसऱ्या बाजूनं मामांनी शेपूट उचलून ठेवलं. उजवी बाजू गादीत अशी बसली, जशी अंगावर बेतलेली!

"बसलं!" मी म्हणाले. मामांनी हात सोडला.

डावी बाजू धाडकन खाली! मामांनी झेप घेऊन अधांतरी धरली म्हणून पट्ट्या वाचल्या.

"पोरी," मामा हळूच म्हणाले, "डावीकडचं स्टँड कुठं हाय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ब्लाऊज बेतताना आम्ही कापड दुहेरी घालतो. कागदावर आकार अर्धाच काढायचा, मधल्या कडेला 'घडी' असं लिहायचं, कापायचं आणि उलगडायचं. दोन्ही बाजू आपोआप तयार! मी विमानाचं अर्धं शेपूट काढलं होतं. कडेला ठळक अक्षरांत 'घडी' लिहून. लोखंड उलगडत नाही, हे क्लासमधे कुणी शिकवलं नव्हतं.

"आन् मी म्हणतोय, ह्ये घडी म्हंजे काय?" दस्तगीरभाई कपाळाला हात लावून म्हणाले. "मला वाटलं, इमानाचाच कायतरी पार्ट!"

आणि तेवढ्यात दारात पाहुणे! अर्धा तास आधी!

मामांना हात सोडता येईना, नमस्कार करता येईना. आत्तींनी माझ्याकडं असं बघितलं की पदरात मावता आलं असतं, तर तिथंच लपले असते. स्नेहल आतल्या दारात पांढरीफटक. मुलाचे वडील पुढं आले, भारदस्त माणूस, दुधाचा धंदा.

"या पावणं, या!" मामा म्हणाले. "बसा… न्हाय, बसू नका. जरा ह्ये धरता काय?"

त्यांनी धरलं! "काय हाय ह्ये?"

"इमानाचं शेपूट."

"उडणार?"

"उडणार की!"

"मग सोडत न्हाय मी!"

आणि खरंच सोडलं नाही. दस्तगीरभाई लाकडी स्टूल आणि दोन उशा शोधून लावेपर्यंत त्या माणसानं एका हातानं शेपूट धरलं आणि दुसऱ्या हातानं पोहे खाल्ले. मुलगा तर स्टँडखाली आडवा होऊन चाकं बघत होता. मुलीला स्वयंपाक येतो का, हे विचारायचं सगळे विसरले. स्नेहलनंच शेवटी विचारलं, "तुम्हाला येतो का?" मुलगा खालूनच म्हणाला, "आमटीभात येतो."

संध्याकाळी फोन आला. पोरगी पसंत. आमचीही ना नव्हतीच.

मंगळवारी दस्तगीरभाईंनी तोच कागद उलटा ठेवून दुसरी बाजू केली, जोडली. शेपूट आता आतल्या खोलीत राणीसारखं बसलंय. मामा मला काही बोलले नाहीत. उलट शेपटावर चढवायची कापडी खोळ माझ्याकडं दिली. "ह्ये तर तुझ्याच हातचं काम."

या वेळी मी अजिबात चूक केली नाही. आकार पुरा काढला. तीनदा मोजला. खोळ चढली, अगदी चापून! मामा कौतुकानं शिवण चाचपत होते, आणि चाचपता चाचपता थांबले.

"पोरी, आतनं ह्ये दोन दोन इंच कापड कशाला सोडलंयस? इमानाला एकेक ग्रॅम जड हुतोय."

माझ्या तोंडून निघून गेलं, "पुढं अंगानं भरलं तर उसवता यावं म्हणून."

मग आत्ती लसूण सोलता सोलता, वर न बघता म्हणाल्या, "इमान न्हाय गं भरायचं. तुझ्या मरून ब्लाऊजाची गोष्ट येगळी."