मोहाचं तेल आणि मायचं काळीज

थंडीत मोहाच्या बियांचं तेल गोठतं, हे आमच्या एटापल्लीकडे कुणाला शिकवावं लागत नाही. या बियांना आम्ही टोळी म्हणतो. माय टोळ्या वेचायची, फोडून वाळवायची, घाण्यावरून तेल काढून आणायची. हिवाळ्यात बरणी चुलीजवळ सरकवली की तेल आपोआप पातळ व्हायचं. माझा मोठा भाऊही याच तेलातलं खाऊन वाढला. पण चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला वीज केंद्रात नोकरी लागली, क्वार्टर मिळालं, आणि तिथेच एक दिवस ड्यूटीवर त्याच्या छातीत कळ आली.

नागपूरला नेऊन जाळी बसवली. त्याच्या रक्तात चरबी फार होती, त्यानं हृदयाची नस तुंबली, हे डॉक्टरांनी त्याला सांगितलं आणि खरंच सांगितलं. गोळ्या दिल्या, खाणं बदलायला लावलं. त्यानं दोन्ही निमूट केलं, म्हणून तो आज चालता-फिरता आहे. पण बरा होऊन आला तो माणूस वेगळाच होता. हृदय म्हणजे कोलेस्ट्रॉल, आणि कोलेस्ट्रॉल म्हणजे तेल, एवढंच त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्याच्या कॉलनीत लोक कोलेस्ट्रॉलचे आकडे दहावीच्या मार्कांसारखे एकमेकांना विचारतात. त्यात हाही आता हुशार विद्यार्थी झाला होता.

त्या हिवाळ्यात तो गावी आला. मी मायजवळच राहत होते, जवळच्या शाळेत शिकवत होते. मायला दम लागत होता, हे मीच त्याला फोनवर सांगितलं होतं. बोअरिंगवरून पाणी आणताना ती वाटेत बसायची, रात्री पाठीला गाठोडं लावून बसूनच झोपायची. भावानं तिला काही विचारलं नाही. सरळ चुलीपासून लांब ठेवलेली तेलाची बरणी उचलली आणि सगळ्यांसमोर उलटी केली. तेलाचा थेंब पडला नाही.

"हे पाय माय," तो म्हणाला, "हे असंच तुया नसात जमून राह्यलं."

माय घाबरली. पोरगा मरणाच्या दारातून आला होता, त्याला यातलं ठाऊक असणारच, असं तिला वाटलं. मी म्हटलं, दादा, अंगात ऊब असते, अंग काय थंडीतली बरणी आहे का? तर मला म्हणाला की तू शाळेतल्या पोरांना शिकव, ज्याला झालं त्याला कळतं. वर्षाचं तेल त्यानं शेजाऱ्याला बैलगाडीच्या आसाला लावायला देऊन टाकलं. माय दारात उभी राहून बघत होती.

तेव्हापासून घरात उकडलेलं शिजू लागलं. पुढची दोन वर्षं भाऊ दर महिन्याला यायचा, मायला तालुक्याला नेऊन रक्त तपासायचा. कोलेस्ट्रॉल पहिल्याच तपासणीत नॉर्मल आलं होतं, पुढे त्याहून कमी येऊ लागलं. तो खूश. कॉलनीत सांगायचा, माझ्या आईचा रिपोर्ट पंचविशीतल्या पोरीसारखा आहे. दम लागतो म्हटलं की म्हातारपण म्हणायचा. पायावर सूज आली म्हटलं की उभं राहून काम करते म्हणायचा. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढू या, असं मी दोनदा म्हटलं. त्यानं रिपोर्टच माझ्यापुढे धरला. हृदय चांगलं असल्याचा दाखला हातात असताना पैसे कशाला घालवायचे, असा त्याचा सवाल होता. तो मायला जीव लावत होता, हे मला तेव्हाही दिसत होतं. त्याचाच मला जास्त राग येतो.

उकडलेलं मायच्या घशाखाली उतरत नव्हतं. भावानं त्यावरही उपाय शोधला. चंद्रपूरहून तो मिठात मुरवलेल्या लिंबांच्या बरण्या आणायचा. तेलाचं लोणचं नको, हे चालतं, यात तेल नाही, असं दर खेपेला सांगायचा. माय सकाळ-संध्याकाळ त्या लिंबाच्या फोडीशी भात खायची आणि वरून रसही ओतून घ्यायची. तेवढंच तिच्या जिभेला समजत होतं. लोक म्हणायचे, बाई वाळत चालली. भाऊ म्हणायचा, चरबी उतरून राह्यली.

शेवटी एका पहाटे तिला श्वासच घेता येईना, तेव्हा मी कुणाला न विचारता गाडी करून तिला नागपूरला नेलं. भाऊ मागून आला. आपल्या फायलीतले मायचे सगळे रिपोर्ट त्यानं डॉक्टरांच्या टेबलावर मांडले. डॉक्टरीणबाईंनी ते वाचले आणि बाजूला ठेवले. इको काढला. मग मायला विचारलं की लहानपणी कधी ताप येऊन सांधे सुजले होते का. माय म्हणाली, हो, गुडघे एवढे सुजले की तिची माय तिला कडेवर घेऊन फिरायची.

बाईंनी आम्हाला समजावून सांगितलं. भावाचा आजार नसांचा, तिथं रक्तातल्या चरबीचा मोठा हात असतो. मायचा आजार झडपेचा. लहानपणच्या त्या तापानं हृदयातली झडप अरुंद होत गेली, मागे रक्त तुंबलं, फुप्फुसात पाणी भरलं. कोलेस्ट्रॉल कितीही चांगलं आलं तरी हा आजार त्यात दिसत नाही. उलट हृदय थकलेल्या, वाळत चाललेल्या माणसाचं कोलेस्ट्रॉल घसरत जातं, ती काही आनंदाची गोष्ट नसते. दोन वर्षं आधी आणलं असतं तर बहुधा फुग्यानं झडप उघडता आली असती. आता ती कडक झाली होती, ऑपरेशन फार जोखमीचं होतं. खाण्यात काय असतं, असं त्यांनी विचारलं. मी मिठातल्या लिंबाचं सांगितलं. त्यांनी मायच्या पायावरची सूज बोटानं दाबून पाहिली. मग म्हणाल्या, हिच्यासाठी मीठच वाईट होतं, मिठानं अंगात पाणी साठतं.

माय पलंगावर बसून सगळं ऐकत होती. तिनं हळूच विचारलं, "तेलानं नाई झालं का मंग?"

नाही, तेलाचा याच्याशी संबंध नाही, बाई म्हणाल्या.

माय भावाकडे वळली. आवाजात राग नव्हता. "मंग मी ते उकडलेलं काऊन खाल्लं रे बाप्पा?"

भाऊ फायलीतले कागद नीट लावत राहिला.

ऑपरेशनची तारीख मिळण्याआधीच माय गेली.

मायच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गाव जमलं. बुद्धवंदना झाली, पंगत बसली. शेजारणींनी आपापल्या घरचं टोळीचं तेल आणून वांग्याची भाजी केली होती, मायला आवडायची तशी. भावासाठी वहिनीनं वेगळं उकडलेलं आणलं होतं. ऊर्जानगरहून आलेला त्याचा एक सोबती त्याच्या पाठीवर हात फिरवत बसला होता. मी वाढत होते, तेव्हा भावाचं बोलणं माझ्या कानावर पडलं.

"काही म्हण," तो सोबत्याला सांगत होता, "माय जाईपर्यंत कोलेस्ट्रॉल एकदम नॉर्मल होतं तिचं."

माझ्या हातातलं भाजीचं भांडं मी खाली ठेवलं. आत गेले. मायच्या फळीवर त्यानंच आणलेली लिंबाची बरणी अर्धी उरली होती. ती आणून त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

"घे दादा," मी म्हटलं, "यात तेल नाई."